‘मुळाले काय अक्कल असते का?’ या प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची कॉमेंट वाचली, आणि खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं आधी वाटलं, पण तुम्ही जे विचारलं ते दोन ओळीत बसणारं नाही म्हणून इथं सविस्तरच लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पिकाची मुळं जमिनीतल्या नत्राच्या (नायट्रोजनच्या) बॅक्टेरियांना आपल्या परीनं वळवतात, काहींना खाऊ घालतात, काहींना दाबतात. त्यावर भाऊंनी लिहिलं, ‘मुळाले काय अक्कल असते का बाप्पा? वीस वर्षं झाले सोयाबीन पेरून राहिलो, मुळावरच्या गाठी नत्र देतात म्हणता तर मंग युरिया कमी व्हायच्या ऐवजी वाढत काऊन गेला? ज्वारीचं मूळ नत्र राखते म्हणे, आमचे म्हातारे तर सांगत ज्वारी वावर खाते. हे सगळं जिवाणूची पाकिटं खपवायसाठी चालू हाये.’

शेवटचा आरोप आधी घेतो. मी पाकिटं विकत नाही, कोणाची एजन्सी माझ्याकडे नाही, आणि ज्याच्या वावरात वीस वर्षं सोयाबीन होऊन राहिलं त्याला पाकीट घ्याच असं मी सांगणारही नाही. कारण सोयाबीनचा जो जिवाणू आहे, ब्रॅडीरायझोबियम, तो एकदा वावरात रुजला की वर्षानुवर्षं टिकतो. हे पीक आपल्याकडे नवीन होतं तेव्हा त्याच्या जोडीचा जिवाणू आपल्या मातीत पुरेसा नव्हता, तेव्हा बीजप्रक्रियेचा फरक डोळ्याला दिसायचा, जुन्या सोयाबीनच्या वावरात आता तो कमीच दिसतो. वावर नवीन असेल किंवा बरीच वर्षं नुसती पऱ्हाटीच (कपाशीच) घेतली असेल तर मात्र १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट जरूर लावा, बुरशीनाशक आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. दुकानाच्या बाहेर उन्हात पडलेलं पाकीट फुकट दिलं तरी घेऊ नका, त्यात नुसती काळी भुकटी उरलेली असते. आणि पाकिटावर पिकाचं नाव पाहा, कारण सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याला गाठी करत नाही, हरभऱ्याचा वेगळा. हे असं का, ते खाली येतंच.

आता अक्कल. नसते, हाव, शंभर टक्के नसते. मेंदू नाही, विचार नाही. पण बोलवायला अक्कलच लागते असं थोडंच आहे? पानं उन्हात जे अन्न बनवतात त्यातला मोठा वाटा खाली मुळांकडे जातो आणि त्यातला काही भाग मुळातून चक्क मातीत झिरपतो. साखर, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, चिकट द्रव, असं बरंच काही. पीक, वय, जमीन याप्रमाणं आकडा बदलतो, पण एकूण अन्नाच्या ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान तो धरतात, म्हणजे आपण पिकवलेल्या पिकाचा एक हिस्सा आपल्याला न विचारताच जमिनीत वाटला जातो. आणि जमिनीतले बॅक्टेरिया बहुतेक वेळ उपाशी असतात हो, त्यामुळे मुळाच्या भोवती जी दोन-चार मिलिमीटरची माती असते तिथं त्यांची झुंबड उडते, पिकाच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधल्या मोकळ्या मातीपेक्षा दहापट, कुठं शंभरपट. या पट्ट्याला लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ साली रायझोस्फिअर असं नाव दिलं.

पण नुसती साखर सांडली तर कोणीही येईल. द्विदल पिकाचं काम त्याच्या पुढचं आहे. सोयाबीनचं मूळ नत्राची कमतरता असली की डेडझीन, जेनिस्टीन असे फ्लॅव्होनॉइड पदार्थ सोडते. जोडीच्या जिवाणूला तो पदार्थ लागला की त्याच्यातले ठराविक जीन चालू होतात आणि तो उलट एक पदार्थ सोडतो, त्याला नॉड फॅक्टर म्हणतात. तो ओळखीचा निघाला तरच मुळावरचं बारीक केस वाकतं, जिवाणूला आत वाट मिळते आणि गाठ धरते. हरभऱ्याचं मूळ वेगळे पदार्थ सोडते आणि वेगळाच नॉड फॅक्टर ओळखते, म्हणून त्याचा जिवाणू वेगळा. हे मी रंगवून सांगत नाही, प्रयोगशाळेत हे पदार्थ वेगळे काढून, मोजून, जिवाणूवर टाकून तपासलेलं आहे. द्विदलाच्या गाठी हवेतला नत्र घेतात हे हेलरीगेल आणि विलफार्थ या दोघांनी १८८६ मध्येच मांडलं होतं, आणि १८८८ मध्ये बायरिंकनं गाठीतून जिवाणू वेगळा काढून दाखवला, म्हणजे ही काही काल-परवा निघालेली फॅशन नाही.

तरी तुम्ही म्हणाल, ओळख झाली, घरात घेतलं, पण ‘वळवते’ हा शब्द काऊन वापरला? तर २००३ मध्ये झालेला एक प्रयोग ऐका, मला स्वतःला हा लय आवडतो. सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतून नायट्रोजन काढून टाकला आणि त्या जागी आर्गॉन भरला, ऑक्सिजन तेवढाच ठेवला. म्हणजे जिवाणू तेच, गाठ तीच, झाड तेच, फक्त जिवाणूला इच्छा असली तरी नत्र बनवताच येणार नाही. मग झालं काय, त्या गाठींमधल्या जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यानं कमी झाली, आणि मोजमापावरून दिसलं की झाडानं त्या गाठीकडे जाणारा ऑक्सिजनच आखडला. सालदार कामावर येईना तर मालकानं त्याचं धान्य थांबवावं, तसं. फरक एवढाच की इथं मालकाला काही कळत नाही, गाठीतून नत्र आला नाही की ऑक्सिजनची वाट आपोआप आवळते, आणि हे लाखो वर्षांत घडत आलेलं आहे. त्याच्या आधी, १९८५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सोयाबीनचे असे काही म्युटंट, म्हणजे जीन बदललेली झाडं, काढले होते की ज्यांचा गाठींवरचा ब्रेकच निकामी होता, मुळावर गाठीच गाठी, जमिनीत नायट्रेट भरपूर असलं तरी गाठी. ऐकायला किती छान वाटते ना? पण अशी झाडं खुरटतात, कारण गाठी पोसायलाच त्यांचं अन्न संपते. म्हणजे साध्या सोयाबीनमध्ये किती गाठी धरायच्या हे ठरवणारी यंत्रणा झाडाकडेच आहे, जिवाणूकडे नाही. याला अक्कल म्हणू नका, चालते, पण ताबा तर म्हणावाच लागेल.

आता तुमचा खरा प्रश्न, जो मला सगळ्यात वजनदार वाटला. गाठी नत्र देतात तर युरिया वाढला काऊन?

हिशोबच मांडू. सोयाबीनच्या दाण्यात ३८ ते ४० टक्के प्रोटीन, आणि प्रोटीनचा साधारण सहावा भाग नत्र, म्हणजे एका क्विंटल दाण्यात ६ किलोच्या आसपास नत्र असतो. एकरी ८ क्विंटल झालं तर नुसत्या दाण्यात ४८ किलो. युरियाची ४५ किलोची गोणी, ४६ टक्के नत्र, म्हणजे एका गोणीत २०.७ किलो. म्हणजे तुम्ही मार्केट यार्डात सोयाबीन टाकता तेव्हा एकरामागं दोन गोण्यांहून जास्त युरियाचा नत्र त्या पोत्यांमध्ये भरून देऊन येता. आता पाला, काड्या, मुळं धरून पूर्ण झाडाचा नत्र ६० किलो धरा. त्यातला हवेतून किती आला? बऱ्याच देशांतल्या प्रयोगांचा मेळ घातला तर सरासरी निम्म्याच्या थोडा वर निघतो, आपण निम्माच धरू, ३० किलो. बाकी ३० जमिनीतून. गाठींनी ३० आणले आणि दाण्यांनी ४८ नेले, वावर १८ किलोनं मागं. त्यात कुटारही उचलून नेलं किंवा पेटवलं तर अजून मागं. गाठींनी काम केलं नसतं तर पूर्ण ४८ चा खड्डा पडला असता हे खरं, पण खड्डा पडतो हेही खरं. ‘सोयाबीन जमिनीला नत्र देते’ असं जे सगळीकडे भिंतीवर रंगवल्यासारखं सांगितलं जाते ते दाणा वावरातच गाडला तर खरं आहे. बेवड म्हणून ताग, धैंचा गाडायचा आणि सोयाबीन विकायचं या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तुमची चीड यावर असेल तर मी तुमच्या बाजूचा आहे.

पण एक गोष्ट तुमच्या हातातली आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही कॉमेंटमध्येच लिहिलं की पेरणीला १८:४६ ची (डीएपीची) गोणी आणि महिनाभरानं सोयाबीनवर युरियाची फेक. गोणीतले ९ किलो नत्र ठीक, रोप लहान असते, गाठी अजून धरायच्या असतात, तेवढा आधार चालतो. पण महिन्यानंतर गाठी नेमक्या भरात येतात आणि तेव्हाच तुम्ही युरिया टाकला की काही दिवसांत त्याचं नायट्रेट होऊ लागते आणि मुळाला ते आयतं मिळते. आयतं मिळालं की गाठीला साखर पाठवायची गरज संपली, गाठींचं काम मंदावते, नवीन गाठी धरणं थांबते. म्हणजे हवेतून फुकट येणारा नत्र बंद करून तुम्ही दुकानातला विकत घेता. तुमच्या एका एकरावर हवेत तीस हजार टनांहून जास्त नायट्रोजन उभा आहे भाऊ, आणि आपण गोणीसाठी रांगेत.

सोयाबीन पिवळं पडते म्हणून युरिया टाकतो असंही तुम्ही लिहिलं. पिवळं कुठून पडते ते पाहिलं का? खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राची गोष्ट. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर ते लोह आहे. आपली चुनखडीची काळी जमीन, त्यात सलग पाऊस, पाणी साचलेलं, की लोह मातीत असूनही मुळाला घेता येत नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक हे दर दुसऱ्या वर्षी पाहतात. अशा वेळी युरिया टाकून नायट्रेट वाढवलं तर पिवळेपणा उलट वाढू शकतो. तिथं इलाज पाणी काढून देणं आणि फेरस सल्फेटची फवारणी, युरियाची गोणी नव्हे.

आता ज्वारी. इथं मला जरा थांबून लिहायचं आहे कारण बॅक्टेरियांची ही दुसरी जात वेगळी आहे आणि मागच्या लेखात मी तिच्यावरून भरकन पुढं गेलो. तुम्ही टाकलेला युरिया आधी अमोनियम होतो. अमोनियमवर धन चार्ज, काळ्या चिकणमातीवर ऋण चार्ज, त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. मग नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया, आणि आता माहीत झालंय की आर्किया म्हणून जे वेगळेच जीव आहेत ते पण, अमोनियमचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण चार्ज, माती त्याला धरत नाही, पाऊस आला की खाली वाहून जाते. गंमत अशी की हे बॅक्टेरिया मुळाच्या साखरेला भुलत नाहीत, त्यांचं पोट अमोनियम जाळूनच भरते. म्हणून मूळ त्यांच्यावर मुख्यतः दोन प्रकारे असर करू शकते. एक, साखर देऊन बाकीचे बॅक्टेरिया वाढवायचे म्हणजे ते अमोनियम आधीच गिळतात. दोन, यांना थेट दाबायचं. ज्वारी दुसरं करते. तिच्या मुळावरच्या केसांतून सॉर्गोलिऑन नावाचा तेलकट पदार्थ निघतो, तो तणालाही दाबतो आणि अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्यांनाही. यावर जपानची जिरकास संस्था आणि हैदराबादजवळ पाटणचेरूची इक्रिसॅट यांनी बरंच काम केलं. ब्रॅकिएरिया नावाच्या चाऱ्याच्या गवतातही असा पदार्थ २००९ मध्ये सापडला, आणि २०२१ मध्ये तर एका रानगवताच्या गुणसूत्राचा तुकडा गव्हात आणून ते काम गव्हाकडून करून घेतल्याचं छापून आलं. तुम्हाला हे थोतांड वाटत असेल तर युरियाला निंबोळी तेल कशाला लावतात ते सांगा. तेच काम. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला ते लावणं सक्तीचं झालं. निंबोळी जे गोणीत करते ते ज्वारी मुळाशी करते.

पण मी ‘ज्वारी पेरा आणि युरिया विसरा’ असं कुठंच लिहिलं नाही, आणि लिहिणार पण नाही. सगळ्या वाणांचं मूळ सारखं सोडत नाही. शिवाय ज्वारीच्या मुळातून तेलकट पदार्थांसोबत पाण्यात विरघळणारे पदार्थ पण निघतात, आणि ते मुळाभोवतीची माती आम्लधर्मी असली की जास्त निघतात, पीएच ७ च्या वर गेला की फारसे निघत नाहीत असं प्रयोगांत दिसलं. आपल्या काळ्या जमिनीचा पीएच ८ च्या आसपास. म्हणजे दुसरीकडच्या लाल आम्लधर्मी मातीतला निकाल उचलून यवतमाळ-वर्ध्याच्या वावरात जसाच्या तसा बसवणं म्हणजे फसवणूक होईल. सॉर्गोलिऑनचा फायदा थोडा मिळेल, पूर्ण नाही, एवढंच मी म्हणतो.

आणि तुमचे म्हातारे खोटं सांगत नव्हते. ज्वारी वावर खाते हे त्यांनी डोळ्यानं पाहिलेलं आहे, फक्त खाते कोण हे पाहायचं राहिलं. ज्वारी कापली की धसकटं आणि मुळांचा गुंता वावरात राहतो. त्यात कार्बन नत्राच्या पन्नास पटीहून जास्त. कुजवणाऱ्या बॅक्टेरियाच्या अंगात मात्र कार्बन नत्राच्या पाच-आठ पटच. एवढी धसकटं पचवायला त्यांना नत्र लागतो, तो धसकटात नाही, मग ते मातीतला तयार नत्र ओढून घेतात आणि मागून पेरलेला गहू पिवळा. तो नत्र कुठं गेला नाही, बॅक्टेरियांच्या अंगात अडकला. काही महिन्यांनी धसकटं संपली, बॅक्टेरिया मेले, किंवा मातीतल्या अमीबासारख्या जीवांनी त्यांना खाल्लं, की तो परत सुटतो. अमीबाला तेवढा नत्र लागतच नाही, जास्तीचा तो अमोनियम म्हणून टाकून देतो, आणि हे मुळाच्या जवळ झालं की पिकाला मिळतो. म्हणून जुने लोक ज्वारीत तुरीचा तास, मूग, उडीद घालत आणि ज्वारीच्या मागं हरभरा घेत, जो मातीत तयार नत्र नसला तर गाठीतून भागवतो. त्यांना बॅक्टेरिया माहीत नव्हते पण फेरपालट माहीत होती. आज ज्वारी गेली, कारणं वेगळी, डुकरं, पाखरं, मजुरी, भाव, मी त्यात पडत नाही, पण ती गेल्यावर वावरात मुळांचा एकच प्रकार उरला तर खाली बॅक्टेरियांचा बाजारही तसाच एकसुरी होतो.

पाण्याचं एक राहिलं. जुलै-ऑगस्टमध्ये आठ दिवसांची झड लागली आणि वावरात पाणी तुंबलं की मातीत ऑक्सिजन उरत नाही. तेव्हा तिसरी टोळी कामाला लागते, जी श्वास घ्यायला ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरते आणि त्याचा वायू करून उडवून लावते. इथं मूळ आपल्या विरोधात जाते, कारण या टोळीला कार्बन लागतो आणि तो मूळच पुरवते, वरून मूळ उरलासुरला ऑक्सिजनही ओढते. त्या वायूत नायट्रस ऑक्साइडही असतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवतो. म्हणून झडीच्या तोंडावर पऱ्हाटीला युरिया टाकणं म्हणजे पैसे हवेत सोडणं आहे. उघाड पाहून, वाफसा आल्यावर, थोडा थोडा, डवऱ्याच्या आधी टाकून मातीआड करा. वर उघडा राहिला तर आपल्या पीएचच्या जमिनीत अमोनिया होऊन तसाही उडतो. सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून, घेतलं तर सरीतून पाणी निघून जाते आणि गाठींनाही हवा मिळते.

यंदा एवढं करून पाहा. एका कोपऱ्यात चार-सहा तास बिनायुरियाचे ठेवा, महिन्यानंतरची फेक तिथं टाकू नका. फुलोरा धरला की दोन्हीकडची चार-चार झाडं ओढू नका, ओढली की गाठी मातीत राहतात, खुरप्यानं खणून काढा, बादलीत धुवा आणि गाठी नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती नुसती बसून खाते. दोन्हीकडचे फोटो इथंच कॉमेंटमध्ये टाका, जमीन कशी, चुनखडी दिसते का, आणि शेवटचा पाऊस कधी झाला तेही लिहा. फरक नाही दिसला तर तेही तसंच टाका, मी ते वरच्या लेखात जोडीन.